जिम्नीचा एक्सल मोकळा करताना

सह्याद्रीतल्या एखाद्या पावसाळी वाटेवर दोन खोल चर तिरपे समोर आले, की गाडीचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक वर चढते, उरलेली दोन चाके खाली लोंबू लागतात आणि थोड्याच अंतरात त्यांतले एखादे जमीन सोडून हवेत फिरते. जिम्नी, म्हणजे मारुती सुझुकीची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, बाळगणाऱ्या बहुतेकांच्या मनात अशा वेळी पहिला उपाय येतो तो गाडी दोन इंच उचलण्याचा. माझे सांगणे वेगळे आहे. गाडीची उंची ही एक गोष्ट आणि एक्सलची तिरपी चाल, म्हणजे त्याचे एक चाक वर आणि दुसरे खाली जाण्याची मुभा, जिला सर्वजण आर्टिक्युलेशन म्हणतात, ही निराळी गोष्ट. एक्सलला नेमके काय अडवते आहे हे न पाहता वाढवलेली उंची ती चाल पुष्कळदा कमीच करते. मूळचेच शॉक ॲब्सॉर्बर ठेवून लांब स्प्रिंगा बसवल्या, तर गाडी जितकी वर गेली तितकीच चाकाची खाली लोंबण्याची जागा संपते. त्यात स्प्रिंगा कडक असतील तर वर चढण्याची चालही आटते. म्हणून येथे आधी अडथळा शोधावा, मग तेवढाच दूर करावा, आणि चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग करण्याची वेळ शेवटी यावी, असा क्रम ठेवला आहे.

रचना नेमकी काय आहे

भारतात जून २०२३ मध्ये विक्रीला आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला पुढे आणि मागे अखंड एक्सल आहेत. १९८५ पासून आपल्या ओळखीच्या असलेल्या मारुती जिप्सीत कमानपाटे गाडीचे वजनही पेलत आणि एक्सलला जागेवरही धरून ठेवत. जिम्नीत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा आहेत. स्प्रिंग वजन पेलते, पण एक्सलला पुढेमागे किंवा आडवे सरकण्यापासून रोखू शकत नाही, त्यामुळे ते काम दांड्यांकडे येते. प्रत्येक एक्सलला पुढेमागे धरणारे दोन लांब रेडियस आर्म आहेत आणि तो आडवा सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड दांडी आहे. कंपनी याच रचनेला थ्री-लिंक म्हणते. रेडियस आर्मचे एक टोक चॅसीला एका बुशवर, म्हणजे रबर भरलेल्या नळीवर, बसते आणि दुसऱ्या टोकाजवळ एक्सलच्या पुढेमागे दोन बुश असतात. सगळी अडचण या दोन बुशांपाशी आहे, आणि ती नीट समजली तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

हिशेबासाठी आर्मची लांबी ७० सेंटिमीटर धरू आणि तिरप्या खड्ड्यात एका बाजूच्या आर्मचे एक्सलकडील टोक ८ सेंटिमीटर वर गेले, दुसऱ्या बाजूचे तितकेच खाली आले असे समजू. एक आर्म सुमारे साडेसहा अंश वर झुकेल आणि दुसरा साडेसहा अंश खाली. दोघांमध्ये १३ अंशांचा फरक पडला. आता दोन्ही आर्म एकाच एक्सलला दोन-दोन बोल्टांनी जखडलेले आहेत, आणि एक्सलची नळी तर पीळ घेत नाही. मग हा फरक जातो कुठे? तो बुशांच्या रबराला सोसावा लागतो. एका आर्मवरील दोन बुशांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक बुशातील रबर सुमारे साडेआठ मिलिमीटर दाबले गेले पाहिजे. तितकी जागा बुशात नसेल तर चाल तिथेच थांबते, मग स्प्रिंग कितीही लांब असो आणि शॉक ॲब्सॉर्बर कितीही महाग असो. दोन आर्म आणि एक्सल मिळून येथे एका जाडजूड अँटी-रोल बारचे, म्हणजे गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीचे, काम करतात. रस्त्यावर, वळणावर, हाच गुण गाडी कलू देत नाही; दगडधोंड्यांत तोच आड येतो.

याखेरीज एक दुसरा पीळही असतो. एक्सल तिरपा झाला की त्याला जखडलेला आर्म स्वतःच्या लांबीभोवती फिरतो. दोन आर्ममधील अंतर ८० सेंटिमीटर आणि उंचीतील फरक १६ सेंटिमीटर धरला, तर हा कोन ११ अंशांवर जातो आणि तो चॅसीकडील बुशला सोसावा लागतो. चॅसीकडे गोल फिरणारा फ्लेक्स जॉइंट बसवलेले आर्म बाजारात पुष्कळ दिसतात. त्यांनी हा दुसरा पीळ सुटतो, पहिला तसाच राहतो. हे ठाऊक नसल्याने अनेकजण असे आर्म बसवून घेतात आणि मग अपेक्षेइतका फरक का पडला नाही, या विचारात पडतात.

आधी मोजमाप

सपाट, टणक जागी गाडी उभी करून चारही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर घेऊन वहीत लिहावे. त्यानंतर पुढचे एक चाक लाकडी स्लीपरांच्या भक्कम, खिळून एकजीव केलेल्या पायऱ्यांवर लो रेंजमध्ये (फोर-व्हील-ड्राइव्हच्या संथ, जोरदार गिअरमध्ये) हळूहळू चढवावे, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाने उरलेल्या तिघांपैकी एखादे चाक जमीन सोडते तिथे थांबण्याची खूण करावी. सुट्या विटा किंवा दगड रचून हे कधीही करू नये. वर गेलेल्या चाकाच्या तळाची उंची मोजली की रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स, म्हणजे आर्टिक्युलेशनचा निर्देशांक, काढता येतो. २० अंशांच्या चढावर चाकाने कापलेल्या अंतराला व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतराने) भागून १००० ने गुणायचे, एवढाच तो हिशेब. आपल्याकडे चढाऐवजी उंची आहे, म्हणून ती आधी ०.३४२ ने भागून घ्यावी. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आहे. तिचे चाक ४४३ मिलिमीटर उंच गेले तर चढावरचे अंतर १२९५ मिलिमीटर येते आणि निर्देशांक ५०० भरतो. तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर असल्याने तेवढ्याच उंचीला तिचा आकडा मोठा दिसतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहण्यासाठी मात्र याच्याइतके सोपे साधन नाही.

गाडी त्याच तिरप्या अवस्थेत असताना, हँडब्रेक ओढून आणि उरलेल्या चाकांना उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायच्या पाचरी) लावून, विजेरीने बाजूने पाहावे. गाडीखाली मात्र जाऊ नये. दाबलेल्या बाजूला बंप स्टॉप (वरची चाल थांबवणारा रबरी ठोकळा) टेकला आहे का, लोंबलेल्या बाजूचा शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण ताणला गेला आहे का, ब्रेकचा होज (लवचीक नळी) ताठ झाला आहे का, टायर मडगार्डच्या आत घासतो आहे का, हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. चारही उत्तरे नकारार्थी आली आणि तरीही चाक हवेत असेल, तर अडवणारे बुश किंवा अँटी-रोल बार आहेत.

पहिला बदल बिनखर्चाचा आहे. पुढच्या अँटी-रोल बारच्या दोन्ही बाजूंच्या लहान लिंक सोडून बार वर बांधून ठेवावा आणि तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. फरक मनासारखा पडला, तर झटपट सुटणाऱ्या लिंक बसवून इथेच थांबणे शहाणपणाचे ठरते. बार कायमचा काढून टाकू नये. घाटाच्या वळणावर, भरलेल्या गाडीत, त्याची उणीव लगेच जाणवते. सोडलेला बार स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला किंवा ब्रेक होजला लागणार नाही असा बांधला आहे याची खात्री करूनच गाडी हलवावी.

स्प्रिंग काढून एक्सल हलवून पाहणे

या कामाला एक पूर्ण दिवस द्यावा. चॅसी दोन्ही बाजूंनी भक्कम जॅकस्टँडवर घ्यावी, दुसऱ्या एक्सलच्या चाकांना पुढून-मागून उटी लावाव्यात, ज्या एक्सलवर काम आहे त्याखाली ट्रॉली जॅक ठेवून शॉक ॲब्सॉर्बर सोडावेत आणि एक्सल हळूहळू खाली घेऊन स्प्रिंगा मोकळ्या झाल्यावरच बाहेर काढाव्यात. ब्रेकचा होज आणि एबीएसची तार क्लिपांमधून आधीच सोडलेली असावी. आर्म आणि पॅनहार्ड दांडी जोडलेलीच राहू द्यावी. आता एका टोकाखाली एक जॅक, दुसऱ्या टोकाखाली दुसरा, असे घेऊन एक बाजू वर आणि दुसरी खाली नेत जावे.

जॅकचा दांडा कुठे जड होऊ लागतो हे हाताला कळते. तो जड होण्यापूर्वीच बंप स्टॉप टेकत असेल तर बुश निर्दोष आहेत. दांडा आधी जड होत असेल आणि बुशचे रबर एका बाजूला फुगून दुसऱ्या बाजूला बोल्टाच्या नळीपासून सुटू पाहत असेल, तर अडथळा डोळ्यांसमोर आहे. खात्रीसाठी एक्सल पुन्हा समपातळीत आणून एका आर्मच्या एक्सलकडील दोन बोल्टांपैकी एक काढावा. पीळ नसेल तर तो हाताने निघतो. मग तीच चाल पुन्हा घ्यावी. या वेळी जितकी चाल वाढली, तितकी आपले बुश खात होते. मला वाटते या एका चाचणीने जितके पैसे वाचतात तितके दुसऱ्या कशानेही वाचत नाहीत, कारण कोणता सुटा भाग घ्यायचा हा वाद ती अर्ध्या तासात मिटवते.

चाल शेवटापर्यंत नेताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही पाहावे. होजची लांबी, एबीएस तारेची ढील, एक्सलमधली हवा सोडणाऱ्या ब्रीदर नळीची लांबी आणि इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर येतो, हे सर्व याच वेळी मोजून लिहावे. होज ताणला जात असेल तर त्याची कडी खाली घेण्याऐवजी पुरेशा लांबीचा, वाहनाच्या ब्रेकसाठीच बनवलेला होज घालावा.

बुशांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात, रंगीत असतात आणि विकणारा त्यांची शिफारस हमखास करतो. रेडियस आर्मच्या एक्सलकडील टोकाला ते बसवले, की वर हिशेब केलेले साडेआठ मिलिमीटर दाबले जाणे आणखी अवघड होते, कारण ते रबरापेक्षा कडक असतात. एक्सल जखडतो आणि तो ताण पुढे आर्मच्या कड्यांवर जातो. आर्टिक्युलेशन हवे असेल तर या जागी मूळचे रबरी बुशच योग्य. पॅनहार्ड दांडीला कडक बुश चालतात, किंबहुना स्टिअरिंग नेमके राहण्यासाठी तिथे थोडा कडकपणा उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट बोल्ट आवळण्याची. रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी कड्यांमध्ये घट्ट धरली जाते आणि त्यानंतरची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. एक्सल लोंबलेला असताना बोल्ट आवळले, तर गाडी चाकांवर उतरताच बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. एकदा माझ्या गाडीचे काम जॅकवरच पूर्ण आवळून परत आले होते, आणि एका पावसाळ्यात नव्या बुशांचे रबर नळीपासून गोलाकार फाटून सुटले. तेव्हापासून मी बोल्ट आधी हाताने घालतो, गाडी चाकांवर उतरवतो, पुढून-मागून चार-पाच वेळा दाबून बसू देतो आणि मगच टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्यानुसार आवळतो.

स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि बंप स्टॉप

अडथळा शॉक ॲब्सॉर्बरच्या लांबीचा निघाला, तर लांब शॉक ॲब्सॉर्बर घेण्यापूर्वी दोन मापे हवीत: बंप स्टॉप पूर्ण दाबला असताना वरच्या आणि खालच्या कड्यांमधील अंतर, आणि होज, शाफ्ट वा स्प्रिंग यांपैकी पहिली मर्यादा येते त्या ठिकाणचे अंतर. नव्या शॉक ॲब्सॉर्बरची मिटलेली लांबी पहिल्या मापापेक्षा किमान १० ते १५ मिलिमीटर कमी असावी. तसे नसेल तर बंप स्टॉपच्या आधी तोच टेकेल आणि आतून फुटेल किंवा त्याची कडी उपटेल. उघडलेली लांबी दुसऱ्या मापापेक्षा अधिक असू नये, असल्यास चॅसी आणि एक्सल यांच्यात पट्टा लावून चाल रोखावी.

वर आणि खाली चाल किती ठेवावी याबद्दल मते वेगवेगळी आहेत. मी एकूण चालीचा ४० ते ४५ टक्के भाग वर चढण्यासाठी राखतो. चाक खाली खोल लोंबते तेव्हा छायाचित्र देखणे येते, पण त्या चाकावर स्प्रिंगचा भार उरलेला नसेल तर ते जमिनीला नुसते टेकलेले असते, पकड देत नाही. दाबल्या जाणाऱ्या बाजूला पुरेशी जागा नसेल तर गाडीचे अंग खालच्या बाजूला अधिक कलते, आणि तिरप्या उतारावर ते धोक्याचे आहे. म्हणूनच लांब पण मऊ स्प्रिंग ही आखूड, कडक स्प्रिंगपेक्षा बरी. लोंबलेल्या अवस्थेत स्प्रिंग बैठकीतून सुटत असेल तर एक टोक बैठकीला पट्टीने धरावे आणि दुसऱ्या टोकाला शंकूच्या आकाराचा मार्गदर्शक लावावा, म्हणजे ती परत जागेवर येईल.

इथे एक विषयांतर, पण ते पैशांच्या हिशेबात महत्त्वाचे आहे. उघड्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक्सलच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीत, हवेतल्या चाकाला जितका टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो तितकाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो. जिम्नीची यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून यावर तोडगा काढते आणि चाकावर थोडा जरी भार असला तरी ती अधिक चांगले काम करते. तरीही चालीचे शेवटचे दोन इंच मिळवण्यासाठी नवे लिंक (एक्सल धरणाऱ्या सुट्या दांड्या) तयार करण्याचा खर्च आणि मागच्या डिफरन्शियल लॉकरचा, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरवणाऱ्या कुलपाचा, खर्च शेजारी शेजारी ठेवून पाहावा. बहुतेकांसाठी लॉकर हेच पहिले उत्तर असेल.

उंची वाढल्याने बिघडणारे कोन

स्प्रिंगमुळे गाडी ५० मिलिमीटर उचलली गेली, तर ७० सेंटिमीटरचा आर्म सुमारे चार अंश फिरतो. पुढचा एक्सल त्याला जखडलेला असल्याने तोही तितकाच फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, साधारण चार अंशांनी घटतो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होईनासे होते, वेगात गाडी भरकटते. यावर तीन उपाय आहेत. मध्य सरकवलेले बुश सर्वांत स्वस्त, पण ते बहुधा कडक पॉलियुरेथेनचे असतात आणि आर्टिक्युलेशन खातात. आर्मची चॅसीकडील कडी खाली घेणारे ब्रॅकेट कोन उत्तम सुधारते, मात्र ते दगडांना आधी भेटते. बुशांची भोके कोनात सरकवून बनवलेले नवे आर्म महाग पडतात. तरी मूळचे रबरी बुश त्यांत राहतात, म्हणून माझी पसंती त्यांना. कॅस्टर किती परत आणायचा यालाही मर्यादा आहे, कारण कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली जाते आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन तीव्र होतो. पाणसळ आणि कोनमापक घेऊन दोन्ही मोजावेत आणि शाफ्ट थरथरणार नाही अशा ठिकाणी थांबावे.

पॅनहार्ड दांडी कंसात फिरते, त्यामुळे उंची बदलली की एक्सल बाजूला सरकतो. ९० सेंटिमीटरची आडवी दांडी १० सेंटिमीटर झुकली तर सरकणे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असते, पण आधीच तिरप्या झालेल्या दांडीत तेवढ्याच चालीला ते पुष्कळ वाढते. दोन्ही बाजूंच्या फेंडरवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचे अंतर मोजावे आणि लांबी बदलता येणाऱ्या दांडीने एक्सल मध्यावर आणावा. पुढच्या बाजूला ही दांडी आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारी दांडी) एकमेकांना शक्य तितके समांतर राहिले पाहिजेत. एकाचेच ब्रॅकेट हलवले तर खड्ड्यात चाक वरखाली होताच स्टिअरिंग स्वतः वळू लागते.

एका आर्मला मोकळे करणे

बोल्ट काढून घेतलेल्या चाचणीत चाल बरीच वाढली असेल, तर त्याच तत्त्वावर बनवलेला बिजागरीचा आर्म हा पुढचा टप्पा आहे. पुढच्या एक्सलच्या दोन आर्मपैकी एकाला एक्सलजवळ बिजागरी असते आणि जाड पिनेने ती बंद करता येते. पिन काढली की एक्सलला पिळणारी दोन टोकांची पकड सुटते आणि तो जवळजवळ खऱ्या तीन लिंकांसारखा वागतो.

याची किंमत समजून घेतली पाहिजे. पिन काढल्यावर ब्रेक लावताना एक्सलला फिरवू पाहणारा सगळा जोर उरलेल्या एकाच आर्मवर, त्याच्या दोन बुशांवर आणि चॅसीकडील कडीवर येतो. शिवाय आर्ममुळे मिळणारा कलण्याचा विरोधही जातो. त्यामुळे पिन फक्त लो रेंजमध्ये, चालण्याच्या वेगाने जाताना काढावी आणि डांबरी रस्ता लागण्यापूर्वी परत घालावी. अँटी-रोल बार सोडलेला असतानाच पिनही काढायची असेल, तर बाजूच्या उतारावर गाडी किती कलते ते आधी सुरक्षित जागी पाहून घ्यावे. जिम्नीसाठी मला हा टप्पा सर्वांत समतोल वाटतो, कारण चॅसीला हात न लावता तो साधतो आणि मूळचा आर्म पुन्हा बसवता येतो.

स्वतंत्र लिंक बनवताना

खऱ्या तीन लिंकांच्या रचनेत दोन खालचे लिंक, एक वरचा लिंक आणि पॅनहार्ड दांडी असते. प्रत्येक लिंक दोन्ही टोकांना एकाच सांध्यावर फिरत असल्याने एक्सलला पीळ बसत नाही. मागच्या बाजूला वरचे दोन लिंक त्रिकोणात बसवले तर पॅनहार्ड लागत नाही. मात्र त्यांच्यामधील एकूण कोन ४० अंशांच्या खाली गेला तर एक्सल बाजूला हलू लागतो. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये पुढे रेडियस आर्म आणि मागे खालच्या दोन दांड्यांसह मध्यभागी ए आकाराची चौकट होती. रस्त्याची शिस्त पुढे आणि मोकळीक मागे, ही वाटणी आजही अनुकरणीय आहे.

वरच्या आणि खालच्या लिंकमधील उभे अंतर हा येथील कळीचा आकडा आहे. ब्रेक लावताना पुढच्या टायरांवर मिळून ६००० न्यूटन जोर आला आणि खालच्या लिंकचा एक्सलकडील सांधा जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असला असे धरू. वरचा लिंक त्याच्यावर २० सेंटिमीटर असेल तर त्यात ९००० न्यूटन येतात, म्हणजे सुमारे ९०० किलो वजनाइतका ताण. अंतर १० सेंटिमीटर केले तर तोच ताण १८००० न्यूटन होतो. जिम्नीच्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर आहे. त्याच्या किमान चौथाई, म्हणजे १७५ मिलिमीटरच्या आसपास अंतर एक्सलवर ठेवावेच. वरच्या लिंकची लांबी खालच्याच्या तीन चतुर्थांश किंवा अधिक असावी, म्हणजे चाक वरखाली होताना डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन फार बदलत नाही.

मागच्या एक्सलसाठी बाजूचे चित्र कागदावर मापात काढावे. वरचा आणि खालचा लिंक पुढे वाढवून ते मिळतात तो बिंदू घ्यावा, मागच्या टायरच्या जमिनीवरील स्पर्शबिंदूपासून त्या बिंदूतून रेषा काढावी आणि ती पुढच्या एक्सलच्या उभ्या रेषेला किती उंचीवर छेदते ते पाहावे. ही उंची गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीइतकी असेल तर अँटी-स्क्वॉट, म्हणजे जोर देताना मागची बाजू खाली बसू न देण्याचा गुण, १०० टक्के. ती बरीच वर गेली तर चढावर जोर देताच मागची बाजू उचलून आपटू लागते, म्हणून मी आकडा शंभराच्या आत ठेवतो. खालचे लिंक शक्य तितके आडवे ठेवावेत. ते फार तिरपे असले तर गाडी कलताच एक्सल स्वतः वळतो.

लिंकसाठी जोडाची नव्हे तर सीमलेस नळी घ्यावी; खालच्या लिंकला साधारण ४५ मिलिमीटर व्यास आणि ५ ते ६ मिलिमीटर जाडी हवी, कारण गाडी त्यांवर दगड घासत जाते. एका टोकाला रबरी बुश आणि दुसऱ्या टोकाला गोल फिरणारा सांधा असा जोड रस्त्यावरचा धक्काही शोषतो. सांध्याचा आटा नळीत किमान स्वतःच्या व्यासाइतका, शक्यतो दीडपट, शिरलेला असावा. बोल्ट मूळच्या दर्जाचे किंवा त्याहून वरचे घ्यावेत, आणि कड्यांमध्ये त्यांचा गुळगुळीत भाग यावा, आटे नव्हेत.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, अन्यथा गाडीच्या कंट्रोल युनिटला धोका असतो. चॅसीचा पत्रा पातळ असतो, म्हणून कडी थेट न जोडता गोल किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची जाड पट्टी आधी जोडून तिच्यावर कडी बसवावी; चॅसीला आडवी, सरळ, वरपासून खालपर्यंतची वेल्डची रेघ कधीही देऊ नये, कारण तडा तिथूनच सुरू होतो. एक्सलच्या नळीवर थोडे थोडे, थांबत, थंड होऊ देत वेल्ड करावे. एका दमात केले तर नळी वाकते. हे काम ज्याने यापूर्वी चॅसीचे काम केले आहे अशाच वेल्डरकडे द्यावे.

कायदा आणि पहिली चाचणी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाने ठरवलेल्याहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२ए मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. लिंकांची रचनाच बदललेली गाडी केवळ बंदिस्त मैदानावरील स्पर्धेसाठी, ट्रेलरवर वाहून न्यावी, असे माझे मत आहे.

पहिल्या फेरीपूर्वी चाकांचे अलाइनमेंट, स्टिअरिंग अँगल सेन्सरचे कॅलिब्रेशन आणि हेडलाइटची पातळी करून घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर आधी २०, मग ४० आणि मग ६० च्या वेगाने सरळ रेषेत ब्रेक लावून गाडी ओढते का ते पाहावे. स्टिअरिंग थरथरू लागले तर जाड स्टिअरिंग डँपर लावून ते दाबू नये. पॅनहार्डचे बोल्ट, बुश, किंग पिनचे (चाक ज्याभोवती वळते त्या खिळीचे) बेअरिंग आणि टायरचे बॅलन्स या क्रमाने कारण शोधावे.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर आणि त्याच्या कडीवर पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर खाली जाऊन त्या रेघा पाहाव्यात. एखादी रेघ तुटून सरकलेली दिसली तर बोल्ट नुसता पुन्हा आवळू नये. तो पूर्ण काढून कडीचे भोक लांबट झाले आहे का ते पाहावे, आणि झाले असल्यास कडी बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.